अंश, छेद आणि मधलं मूल

महाराष्ट्रातली किती मुलं खुजी आहेत? खुजी म्हणजे पाच वर्षांखालची, वयाच्या मानाने उंची फारच कमी राहिलेली. हा साधा प्रश्न घेऊन इंटरनेटवर बसलं की सरकारच्याच दोन ठिकाणांहून दोन उत्तरं मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते, 35.2 टक्के. केंद्राच्या 'पोषण ट्रॅकर'ची जून 2024 ची आकडेवारी सांगते, 44.59 टक्के, ती संसदेतही मांडली गेली आहे. वर्षं वेगळी, पद्धती वेगळ्या, फरक पडायचाच, असं म्हणून आपण पुढच्या रकान्याकडे जातो. तो रकाना कृश मुलांचा. उंचीच्या मानाने वजन घसरलेलं, बरगड्या मोजता येतील असं हे मूल असतं, आणि त्याच्या जिवाला धोका जास्त असतो. सर्वेक्षणात अशी मुलं महाराष्ट्रात 25.6 टक्के, म्हणजे दर चारांत एक. ट्रॅकरवर जून 2024 मध्ये देशात सगळ्यांत वर होतं लक्षद्वीप, 13.2 टक्के. त्याखाली बिहार 9.8 आणि गुजरात 9.2. महाराष्ट्र पहिल्या तिघांत नाही.

म्हणजे ट्रॅकरवर आपली मुलं सर्वेक्षणातल्यापेक्षा जास्त बुटकी दिसतात आणि अंगाने पुष्कळ भरलेली. फरक दोन्हीकडे सारख्या दिशेने असता तर परिस्थिती सुधारली किंवा बिघडली असं म्हणता आलं असतं. इथे एक आकडा वर गेला आणि दुसरा तळाला. हे कसं घडतं ते समजून घेतलं की असे सगळे रंगीत नकाशे, सरकते आलेख आणि 'जिल्हा निवडा' म्हणणाऱ्या खिडक्या कशा वाचायच्या याचा बराच उलगडा होतो.

मूळ आकडा जन्माला येतो तिथपर्यंत आधी जाऊ. तो येतो वजनकाट्यावर आणि उंचीच्या फळीवर. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून लांबी घ्यायची, त्यावरच्याला उभं करून उंची. आडव्या आणि उभ्या मापात सरासरी 0.7 सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून कोणतं माप कसं घेतलं हेही लिहायचं असतं. आडव्या मापाला खरं तर दोन माणसं लागतात. एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे दाबून पाय सरळ करायचे आणि तळव्यांना सरकती पट्टी टेकवायची. दहा महिन्यांचं बाळ या प्रकाराला राजी नसतं. ते रडतं, अंग आखडतं, पाय पोटाशी घेतं, आणि माप दोन-तीन सेंटिमीटरने कमी येतं.

आता हिशेब करा. मुलाची उंची खऱ्या उंचीपेक्षा तीन सेंटिमीटर कमी लिहिली, तर वयाच्या मानाने ते जास्त खुजं ठरतं. पण वजन तेवढंच राहतं आणि उंची कागदावर घटलेली असते, म्हणून उंचीच्या मानाने त्याचं वजन चांगलं दिसतं आणि कृश मूल कृश राहत नाही. एकाच चुकीने खुजेपणाचा आकडा फुगतो आणि कृशतेचा आकडा ओसरतो. वर दिसली ती हीच दिशा. दोन आकड्यांमधली सगळी दरी एवढ्यानेच भरते असा माझा दावा नाही, पण संशयितांच्या यादीत मी उंचीच्या फळीला पहिलं स्थान देईन. पडद्यावर या फळीचा उल्लेख कुठेही नसतो. तिथे असतो दशांशाच्या दोन स्थळांपर्यंतचा आकडा. दोन स्थळं पाहिली की माणसाचा विश्वास उगाचच वाढतो.

हे माप ज्या पट्टीला लावून पाहतात ती जागतिक आरोग्य संघटनेची, 2006 ची. 1997 ते 2003 या काळात सहा देशांतल्या साडेआठ हजारांच्या आसपास मुलांवरून ती तयार झाली. ब्राझीलमधलं पेलोटास, घानातलं अक्रा, नॉर्वेतलं ओस्लो, ओमानमधलं मस्कत, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली. निवडलेली मुलं अशा घरांतली की जिथे खाण्यापिण्याची, आजारपणाची आबाळ नाही आणि आई अंगावर पाजते. पहिली पाच वर्षं नीट मिळाली तर जगभरातली मुलं जवळपास सारखीच वाढतात, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष. तो सगळ्यांना पटलेला नाही. अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी 2013 मध्ये या पट्टीने भारतातलं कुपोषण फुगवून दिसतं अशी मांडणी केली होती, आणि तो वाद अधूनमधून डोकं वर काढतो. पट्टी मात्र तीच आहे: मध्यापासून दोन प्रमाण-विचलनांखाली गेलं की कुपोषित, तीन खाली गेलं की तीव्र कुपोषित. कृशतेच्या बाबतीत अंगणवाडीच्या बोलीत हेच मॅम आणि सॅम. जुने कार्यकर्ते अजूनही 'ग्रेड तीन-चारची मुलं' म्हणतात, तो त्याआधीच्या पट्टीचा अवशेष. 2008 च्या सुमारास अंगणवाड्यांत पट्टी बदलली तेव्हा आकडे बदलले. मुलं तीच होती. म्हणून वीस-पंचवीस वर्षांचा सलग आलेख कोणी दाखवला की मध्ये कुठे सांधा आहे का, हे आधी विचारावं.

*

सर्वेक्षणाची गोष्ट वेगळी. ते घेते देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. पहिली फेरी 1992-93 ची, पाचवी 2019-21 ची. पाचव्या फेरीत 707 जिल्ह्यांतली 6,36,699 कुटुंबं घेतली. जिल्हानिहाय आकडे मिळू लागले ते चौथ्या फेरीपासून, म्हणजे 2015-16 पासून, आणि तेव्हापासूनच नकाशांना बहर आला. त्याआधी 'महाराष्ट्र' एवढाच एक ठिपका असायचा. आता हार्वर्ड विद्यापीठातल्या एस. व्ही. सुब्रमण्यन यांच्या गटाने तर 'इंडिया पॉलिसी इनसाइट्स' नावाने असं साधन उभं केलं आहे की जिल्हा सोडा, लोकसभा मतदारसंघ निवडला तरी तिथल्या मुलांचं पोषण, रक्तक्षय, लसीकरण असं सगळं समोर येतं. खासदारांना प्रश्न विचारायची सोय म्हणून ही कल्पना मला फार आवडते. आपला खासदार रेल्वेच्या थांब्यासाठी भांडतो हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच्या मतदारसंघातली किती बाळं कमी वजनाची आहेत हे त्यालाही ठाऊक नसतं.

पण जिल्ह्याच्या आकड्यामागे किती मुलं असतात? 707 जिल्ह्यांत साडेसहा लाखांच्या आत कुटुंबं, म्हणजे जिल्ह्याला सरासरी 900. त्यांतली पाच वर्षांखालची, घरी सापडलेली, मोजू दिलेली मुलं काही शे. समजा एका जिल्ह्यात 300 मुलं मोजली आणि 30 टक्के कृश निघाली, तर खरा आकडा 25 ते 35 च्या दरम्यान कुठेही असू शकतो. नमुना गावागावांच्या गठ्ठ्यांत घेतलेला असल्यामुळे याहूनही थोडा रुंद. म्हणून 30 टक्क्यांचा जिल्हा 33 टक्क्यांच्या जिल्ह्यापेक्षा बरा, असं म्हणायला आधार नसतो. तरी दर फेरीनंतर 'आपला जिल्हा राज्यात कितवा' या बातम्या छापून येतात, आणि पालकमंत्र्यांच्या बैठकीत त्यावरून झाडाझडती होते. चौथ्या फेरीत महाराष्ट्राचा खुजेपणा 34.4 होता, पाचवीत 35.2 झाला, तर 'कुपोषण वाढलं' अशा मथळ्यांचा पाऊस पडला. खरी बातमी वाढल्याची नव्हती, चार वर्षांत तसूभरही हललं नसल्याची होती. कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण 36.0 वरून 36.1. कृशता 25.6 ची 25.6. याच काळात दवाखान्यातली बाळंतपणं 90.3 वरून 94.7 टक्क्यांवर गेली आणि पूर्ण लसीकरण 56.2 वरून 73.5 वर. आरोग्य खात्याच्या दारातून आत आलेली बाई आणि बाळ यांना यंत्रणा गाठते आहे, पण बाळाच्या ताटात काय पडतं ते बदलत नाही, असं हे चित्र. जिल्ह्यांच्या क्रमवारीच्या गोंधळात ते हरवलं.

या सर्वेक्षणाच्या तक्त्यांमध्ये कंस आणि फुल्या असतात, त्यांचं मला कौतुक वाटतं. 25 ते 49 नोंदींवर आधारलेला आकडा कंसात घालायचा, 25 हून कमी असतील तर आकडाच छापायचा नाही, फुली मारायची. आकडा देणाऱ्याने आपल्या अज्ञानाची अशी कबुली देणं दुर्मीळ आहे. नकाशात ही कबुली गळून पडते. नकाशाला रंग लागतो, आणि कंसातल्या आकड्याचा रंग पक्क्या आकड्याइतकाच गडद दिसतो.

इंग्लंडच्या आरोग्य खात्याचं 'फिंगरटिप्स' नावाचं साधन आहे. तिथे शाळेत 4-5 वर्षांच्या आणि 10-11 वर्षांच्या मुलांची वजन-उंची दरवर्षी घेतात आणि प्रत्येक भागाचे आकडे लोकांसाठी खुले असतात. त्यात लाल आणि हिरव्याच्या मधे एक पिवळा रंग आहे. त्याचा अर्थ 'मध्यम' असा नाही; देशाच्या सरासरीपेक्षा हा भाग वेगळा आहे असं ठामपणे सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक पट्टीच्या टोकाला अनिश्चिततेची मिशी काढलेली. आपल्या नकाशांना एवढा एक पिवळा दिला तर निम्मे जिल्हे त्यात जातील, क्रमवारी मोडेल, आणि बातमीदारांची पंचाईत होईल. होऊ दे.

*

कोणता जिल्हा लाल आहे यापेक्षा मोठा प्रश्न म्हणजे जिल्ह्यात कोण कोण आहे. अमरावतीचा आकडा घ्या. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 29 लाखांच्या आसपास, तालुके 14. त्यांतले धारणी आणि चिखलदरा हे दोन म्हणजे मेळघाट. दोन्ही मिळून माणसं सुमारे तीन लाख. बालमृत्यूंच्या बातम्या, न्यायालयातल्या याचिका, मंत्र्यांचे दौरे हे सगळं गेली तीस वर्षं या तीन लाखांभोवती फिरतं. नकाशावर मात्र त्यांच्यावर उरलेल्या 26 लाखांचा रंग चढतो. अमरावती शहर, परतवाडा, वरूडच्या संत्र्याच्या बागा, सगळं एका रंगात. पडद्यावर मेळघाट शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

पालघरची गंमत आणखी निराळी. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून हा जिल्हा वेगळा झाला. त्यामागचं एक कारणच हे की जव्हार-मोखाड्याचा माणूस ठाण्याच्या कलेक्टर कचेरीपर्यंत पोचायला दिवस घालवायचा. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला ही नावं कळली, आणि त्या वेळी ती 'ठाणे जिल्ह्या'तली होती. चौथ्या फेरीने 2011 च्या जनगणनेतले जिल्हे धरले, त्यामुळे पालघर तिथे ठाण्याच्या पोटात. पाचव्या फेरीत ते वेगळं. आता ठाण्याची चौथी आणि पाचवी फेरी शेजारी ठेवून कोणी 'ठाण्यात सुधारणा' म्हणालं, तर सुधारलं एवढंच की आदिवासी तालुके वजा झाले. बरं, वेगळं झालेलं पालघर तरी काय दाखवतं? जिल्ह्याच्या 30 लाखांत वसई तालुका एकटा 13 लाखांच्या पुढे. म्हणजे पालघरच्या सरासरीत मोखाड्याच्या कातकरी पाड्यापेक्षा विरारच्या सोसायट्यांचं वजन किती तरी जास्त. जिल्हा विभागला, पण ज्या मुलांसाठी विभागला ती पुन्हा एका मोठ्या शहराच्या सावलीत गेली.

मुंबईत हेच थोड्या क्रूर विनोदासारखं घडतं. देशातली बाळं मोजणारी ती लोकसंख्या विज्ञान संस्था देवनारला, गोवंडी स्टेशन रोडवर आहे. तो भाग महापालिकेच्या एम-पूर्व विभागात येतो. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच विभाग शहरात सर्वांत तळाला होता. शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द, देवनारचा कचरा डेपो, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. आणि संस्थेच्याच सर्वेक्षणात या वस्त्या दिसतात 'मुंबई उपनगर' या नावाने, जुहू, पाली हिल आणि मुलुंडसकट 90 लाखांहून अधिक माणसांच्या सरासरीत. दोष संस्थेचा नाही, नमुन्याला याहून खाली उतरता येत नाही.

मग याहून खाली उतरणारं साधन नाहीच का? आहे, पण ते निराळ्या जातीचं. 2021 मध्ये सुब्रमण्यन यांच्याच गटाने देशातल्या सुमारे सहा लाख गावांसाठी मुलांच्या कुपोषणाचे अंदाज प्रसिद्ध केले. नीट वाचा, अंदाज. बहुतेक गावांत सर्वेक्षणाचं कोणी गेलेलं नाही. जिथे गेले त्यांचे आकडे, जनगणनेतली गावाची माहिती आणि संख्याशास्त्राची प्रारूपं यांच्या आधारे बाकीच्या गावांचं गणित मांडलेलं. एका जिल्ह्याच्या आतच गावागावांत किती तफावत आहे हे दाखवायला हे काम फार मोलाचं आहे. जिल्ह्याची सरासरी किती फसवी हे त्याने पुराव्यानिशी दाखवलं. पण तुमच्या गावापुढे 41 टक्के लिहिलेलं दिसलं म्हणून सरपंचाला जाब विचारायला जाऊ नका. तुमच्या गावासारख्या गावांत साधारण एवढं असतं, इतकंच तो आकडा म्हणतो. शिवाय सर्वेक्षणाने निवडलेल्या गावांची नेमकी जागाही मुद्दाम हलवून प्रसिद्ध करतात, ग्रामीण भागात पाच किलोमीटरपर्यंत, म्हणजे कोणाच्या घराचा माग लागू नये. ते योग्यच आहे. पण सातपुड्यात पाच किलोमीटर म्हणजे डोंगराची दुसरी बाजू.

नंदुरबार मात्र या सगळ्या धुक्यातही स्पष्ट दिसतं. चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही फेऱ्यांत तिथली निम्म्याहून अधिक मुलं कमी वजनाची निघाली. इतक्या मोठ्या आकड्यात पाच टक्के इकडे-तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. अक्कलकुवा आणि धडगावची परिस्थिती शहादा-नंदुरबारच्या सपाटीपेक्षा बिकट आहे हे तिथे पाऊल टाकलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. नर्मदेच्या काठच्या काही पाड्यांना दवाखानासुद्धा बोटीतून जातो. तरीही जिल्ह्याची सरासरीच निम्म्याच्या वर असणं म्हणजे सपाटीवरही पोषणाची बोंबच आहे. नकाशाने सांगितलेली ही एक गोष्ट आपण पुरेशी ऐकलेली नाही, असं मला वाटतं. आपण सातपुड्याकडे बोट दाखवून मोकळे होतो.

*

आता ट्रॅकर. 1 मार्च 2021 ला केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तो सुरू केला. देशभरातल्या सुमारे 14 लाख अंगणवाड्या, त्यांत महाराष्ट्रातल्या 1 लाख 10 हजारांच्या घरातल्या, आणि प्रत्येकीच्या सेविकेच्या हातात एक मोबाईल. मुलाची जन्मतारीख एकदा भरली की दर महिन्याला वजन आणि उंची टाकायची. ॲप स्वतःच हिशेब करून मूल हिरवं, पिवळं की लाल ते सांगतं. आधी हे काम वाढीच्या तक्त्यावर पेन्सिलीने होत असे आणि त्यात वयाचा घोळ हमखास असायचा. वय स्वतः मोजणारं ॲप ही मोठीच सुधारणा म्हणायला हवी.

पण ऑगस्ट 2021 मध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मोबाईल जुने झालेले, सतत बंद पडणारे, दुरुस्तीचा खर्च पदरचा. त्यात ॲप इंग्रजीत. 'सातवी-दहावी शिकलेल्या बायकांनी इंग्रजीत माहिती भरावी ही अपेक्षा कोणाची?' हा त्यांच्या संघटनांचा सवाल होता, आणि त्याला सरळ उत्तर नव्हतं. नंतर मराठी आली, नवे मोबाईलही आले. 4 डिसेंबर 2023 पासून सेविका-मदतनिसांचा जो संप झाला, तो जानेवारी 2024 अखेरपर्यंत चालला. अंगणवाड्यांना कुलूप असलेल्या त्या आठवड्यांत किती मुलांची वजनं झाली असतील? त्या महिन्यांच्या आकड्यांवर बोट ठेवणाऱ्याने हे आधी आठवावं. पडद्यावर महिन्याचं नाव असतं, संपाचं नसतं.

'पोषण ट्रॅकर'च्या टक्क्यांचं सगळं इंगित छेदात आहे. अंशात कुपोषित मुलं. छेदात मात्र गावातली सगळी मुलं नसतात. नोंदणी झालेली, आणि त्यांतलीही त्या महिन्यात मोजली गेलेली मुलं असतात. आजारी मूल त्या दिवशी आलं नाही, मामाच्या गावी गेलं, पाडा दोन ओढे ओलांडून आहे आणि पाऊस आहे, ही मुलं अंशातूनही जातात आणि छेदातूनही. कुपोषित मूलच अंगणवाडीत पोचण्याची शक्यता कमी असेल, तर टक्केवारी बसल्या जागी सुधारते. सर्वेक्षणाचे लोक घरी जाऊन, वाटेल त्या घराचं दार ठोठावतात. म्हणून सर्वेक्षण हळू, महाग आणि कायम शिळं. पाचव्या फेरीतली महाराष्ट्रातली मोजणी 2019 च्या उत्तरार्धातली, करोनाच्या आधीची. तेव्हा तान्हं असलेलं बाळ आज पाटीवर अक्षरं गिरवतं आहे.

दुसरी गोष्ट माणसांची. सेविकेने एक मूल सॅममध्ये टाकलं की तिच्यापुढे काय वाढून ठेवलेलं असतं ते पाहा. आशाला बोलवा, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी करून घ्या, गावात व्हीसीडीसी म्हणजे ग्राम बाल विकास केंद्र सुरू करा, दिवसातून अनेकदा खाऊ घाला, गरज पडली तर आईला मजुरी बुडवून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायला राजी करा, आणि महिन्याच्या आढाव्यात पर्यवेक्षिका विचारणार, तुमच्या बीटमध्येच एवढी कशी वाढली? मूल मॅममध्ये राहिलं तर यातलं निम्मं टळतं. कुठल्याही पगारदार खात्यात असा हिशेब मांडला जातो. मानधनावर राबणाऱ्या बाईने तो मांडला तर तिच्याकडे बोट दाखवायचा अधिकार आपल्याला नाही. कुपोषित मूल शोधणारी सेविका शाबासकीला पात्र ठरावी अशी व्यवस्था हवी. आहे ती व्यवस्था कमी आकड्याला शाबासकी देते.

2023 मध्ये जागतिक भूक निर्देशांकात भारत 125 देशांत 111 वा आला. त्यात धरलेला कृशतेचा आकडा 18.7 टक्के होता. केंद्राने तो फेटाळताना पोषण ट्रॅकरवर कृशता महिनोन्महिने 7.2 टक्क्यांच्या खाली असल्याचं सांगितलं. निर्देशांकात इतर दोष असतील, त्यावर वाद घालायला हरकत नाही. पण या मुद्द्यावर सरकारने आपल्याच हातातल्या दोन साधनांतलं चुकीचं साधन पुढे केलं, असं माझं मत आहे. टक्केवारी हवी असेल तर सर्वेक्षण बरं. ट्रॅकरचं खरं बळ टक्क्यांत नाहीच, नावांत आहे. सर्वेक्षणाला मुलाचं नाव माहीत नसतं. ट्रॅकरला नाव, आई, पाडा, मागच्या तीन महिन्यांची वजनं, सगळं माहीत असतं. लागोपाठ दोन महिने वजन न वाढलेलं मूल तो आजच सांगू शकतो. अशा साधनाची देशपातळीवर बेरीज करून वादात ढाल म्हणून वापरली की सेविकेपर्यंत खाली काय निरोप जातो, तो वेगळा सांगायला नको.

*

या पडद्यांवर एक गोष्ट जवळपास दिसतच नाही, ती म्हणजे मृत्यू. सर्वेक्षणाच्या जिल्हापत्रिकांमध्ये बालमृत्यूदर नसतो. जिल्ह्याच्या नमुन्यात तेवढे मृत्यू सापडतच नाहीत की दर काढता यावा. नमुना नोंदणी पद्धत राज्याचा दर देते, जिल्ह्याचा नाही. आणि नागरी नोंदणीत पाड्यावर जन्मून चौथ्या दिवशी गेलेलं बाळ कित्येकदा जन्मलेलंच नसतं. राज्यातल्या 13 स्वयंसेवी संस्थांनी मिळून आपापल्या गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू स्वतः मोजला. 'कोवळी पानगळ' हा त्यांचा 2001 चा अहवाल. सरकारी दप्तरात नोंदलेल्या बालमृत्यूंपेक्षा प्रत्यक्षात किती तरी अधिक मुलं मरतात, हे त्यातून बाहेर आलं. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. त्याआधी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत हेच केलं होतं: गावातल्याच बाईला आरोग्यदूत करून प्रत्येक नवजात बाळाच्या घरी पाठवलं आणि प्रत्येक मृत्यू मोजला. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं. त्या टक्क्यामागे 39 गावांतला छेद पुरा होता, एक बाळही न सुटलेला, म्हणून जगाने तो मानला.

लोकांनी आकडे पाहावेत ही कल्पना इंटरनेटने आणली असा समज असेल तर महाराष्ट्रात तो चालणार नाही. 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची 'साथी' संस्था त्याचं राज्यपातळीवरचं काम पाहत होती. गावकरी बसून ठरवायचे, नर्सबाई येते का, लसीकरण होतं का, औषधं मिळतात का. प्रत्येक उत्तराला हिरवा, पिवळा, लाल. तो तक्ता गावात भिंतीवर लागायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर यायचा. लाल रंग का, हे विचारायला तिथे माणूस समोर बसलेला असे. आजच्या पडद्यावरचा लाल त्याहून देखणा आहे, पण त्याला विचारायचं कोणाला?

पोषण ट्रॅकरचं सार्वजनिक पान राज्या-जिल्ह्याच्या बेरजा दाखवतं. गावाचं पान लॉगिनच्या मागे. मुलांची नावं चव्हाट्यावर येऊ नयेत हे बरोबर. पण आपल्या गावात किती मुलं नोंदलेली, गेल्या महिन्यात किती मोजली, किती लाल निघाली आणि त्यांतली किती व्हीसीडीसीत आहेत, या चार संख्यांत कोणाचं नाव येतं? त्या सेविकेच्या मोबाईलमध्ये दर महिन्याला तयार असतात. ग्रामसभेच्या फळ्यावर त्या लिहायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. पहिल्या दोन संख्यांत अंतर मोठं असेल, तर तिसरीकडे पाहायच्या आधी न मोजलेली मुलं कोणत्या पाड्यांवरची आहेत, एवढं त्या सभेने विचारलं तरी पुष्कळ काम होईल.

न मोजलेल्यांत स्थलांतरितांची मुलंही असतात. दर वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास बीडच्या ऊसतोड टोळ्या निघतात, धडगावची कुटुंबं गुजरातच्या उसाकडे, जव्हारची भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर. बरोबर लेकरं. सेविकेने निघताना स्थलांतराची नोंद केली आणि पोचल्या गावच्या सेविकेने ती उचलून घेतली, तर मूल दुसऱ्या जिल्ह्याच्या छेदात जमा होतं. त्यासाठी राज्याने वेगळी नोंदव्यवस्थाही उभी केली आहे. फडावरच्या कोपीपर्यंत तिथली सेविका पोचली नाही, तर मूळ गावच्या यादीत ते 'मोजलं नाही' म्हणून राहतं आणि कोल्हापूर-सांगलीच्या यादीत येतच नाही. मग नोव्हेंबर ते एप्रिल दोन्ही जिल्ह्यांचे आकडे त्या मुलावाचून निघतात.